सोनेरी शिक्का

वाळूजच्या कारखान्यात सुटीचा भोंगा वाजायला आला, तसा रामकिसनचा पाय जमिनीवर ठरेना. वर्षभर वाट पाहिलेल्या सिनेमाची डिस्क आज घरी आली होती! तपासायचा एक ट्रे अजून उरला होता. त्यातल्या ब्रेकच्या पार्टांवर त्यानं भराभर ‘ओके’ची हिरवी स्टिकरं चिकटवली आणि पळत जाऊन बस पकडली.

धापा टाकतच तो घरात शिरला. पाकीट उजेडात धरून बायकोला म्हणाला, “रत्नमाला, हा सोनेरी शिक्का बघ! साध्या डिस्कवर नसतो हा. एकेक डिस्क डोळ्यात तेल घालून तपासतेत, मगच लावतेत. चित्र कसं आरशावानी दिसंल, बघच तू!”

आणि खरंच तसं दिसलं! रामकिसननं मांडीवर थाप मारली. तेवढ्यात ऐन मारामारीत हिरोची मूठ हवेतच अडकली. डिस्क काढली, पुसली, पुन्हा घातली. मूठ तिथंच.

“कोण गाढव बसवलाय तपासायला?” रामकिसन कडाडला. “न बघताच शिक्का मारला लेकानं!”

रत्नमालानं त्याच्या बाहीला चिकटून आलेलं हिरवं स्टिकर अलगद सोललं.

“जाऊ द्या हो,” ती म्हणाली, “त्याचीबी बस सुटत असंल.”