चटईखाली

भल्या पहाटे चर्चचे पाळक पेतेलो हे लोसा नावाच्या बाईच्या दारात डोक्यावरून चटई पांघरून बसले. सामोआची रीतच ती: अपराध्याने चटईखाली बसायचं, घरच्यांनी चटई उचलली की माफी. निवडणुकीआधी त्यांनी उपासनेत बजावलं होतं, "आपला पक्षच देवाचा. दुसरीकडे मत देणाऱ्याला प्रभूभोजन नाही." पाच घरांनी ऐकलं नाही, पाचही त्यांनी चर्चबाहेर काढली. पुढे लोसाचा नवरा वारला, तर चर्चची घंटाही वाजवू दिली नाही. ती न वाजलेली घंटा त्यांना झोपू देईना. ऊन चढलं. शेवटी चटई उचलली गेली. लोसा चटईच्या काठाला विणलेल्या लाल पिसांवरून हात फिरवत होती. "तुम्ही गावात आलात तेव्हा मीच विणून दिलेली. मत कुणाला देते, ते नव्हतं विचारलंत तेव्हा." तिने चटईची घडी त्यांच्या हातात ठेवली. "घेऊन जा. अजून चार घरं राहिलीत."