उंबरठ्याला चार बोटं कमी

मी थापाड्या म्हणून गल्लीत बदनाम आहे, पण हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

लातूरचा मोहसीन संगणकावरच्या खेळांची चित्रं भराभर उमटावीत म्हणून कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, सुधारायचा. अंतर मोजायला वर्गमूळ लागतं. कंपायलर ते यंत्राला पाच फेऱ्यांत काढायला लावी, दर फेरीला उत्तराच्या आणखी जवळ सरकत. मोहसीननं शेवटच्या दोन फेऱ्या कापून टाकल्या. कोचिंगमध्ये तेच तर शिकवलेलं, जवळचा पर्याय दिसला की गणित सोडायचं.

"अन् थोडं अंतर उरलं तर?" त्याच्या बायकोनं, रुखसारनं विचारलं.

"चार बोटं कोण बघतंय, बेगम?"

दुपारी जमीन गुरगुरली. भूकंप सोसलेलं गाव, सगळी गल्ली क्षणात रस्त्यावर आली. मोहसीनही धावला. दार सताड उघडं होतं. उंबरठा चार बोटांवर राहिला.

त्यानं पाऊल टाकलं. तरी चार बोटं उरलीच.

"अजी, बाहेर या ना! भिंत हालून राहिली!" रुखसार रस्त्यावरून ओरडली.

"येऊनच राहिलो!"

तो घामाघूम होऊन धावत होता, जागच्या जागी नव्हे, पुढंच. छतातून माती गळू लागली.

रुखसार त्याला ओढायला आत शिरली, अन् लगेच वळून तिनं दाराबाहेर उभ्या माझ्याकडं हात केला. तोही माझ्या हातापासून चार बोटांवर राहिला.