आठचा गजर

डॉक्टरीणबाईंनी सोळा वर्षांच्या लेकीला पीसीओएससाठी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "एकवीस दिवस, रोज ठरल्या वेळी. मग सात दिवस सुट्टी, आणि पुन्हा नवीन पाकीट." गोळ्या पाळी ताळ्यावर आणायच्या, पण पाकिटावर छापलेलं 'गर्भनिरोधक'. "बाबांनी पाहिलं तर घर डोक्यावर घेतील," म्हणत आईनं पाकीट बटणांच्या डब्यात तळाशी दडवलं. वेळ ठरली संध्याकाळी आठची.

दुसऱ्याच दिवशी लेक विसरली. आईनं तिला स्वयंपाकघरात नेऊन कुजबुजत झापलं.

तिसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या टेबलावर, एक जुनं गजराचं घड्याळ बरोबर आठला कोकललं. मग रोजच कोकलायला लागलं.

"अहो, द्या की ते एकदाचं गिऱ्हाइकाला," आई करवादायची.

"अजून भरवसा नाही त्याचा," डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणायचा.

कटकट खरी, पण गजर झाला की लेक गुपचूप बटणांच्या डब्याकडे वळायची. त्यामुळे आई वरवर चिडली तरी मनातून त्या घड्याळाला दुवा द्यायची.

पाकीट संपलं. दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेले, तरी घर शांत.

"का हो, आज बिघडलं वाटतं तुमचं घड्याळ?"

"छे," भिंग पुसत तो म्हणाला, "आता सात दिवस त्यालाही सुट्टी."