बंड्याची तपासणी

डॉक्टर मेघनाने बंड्याच्या कानाच्या कडेला बारीकशी सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, मशीनवरचा आकडा बघितला आणि पुन्हा टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. बाटलीत बोक्याची लघवी होती. दर्शनाने सकाळी बाळाच्या औषधाच्या जुन्या सिरिंजने ट्रेमधून ओढून भरलेली.

"एवढी सगळी याची?"

"अजून होती, मॅडम. आणि वास असा की डोळ्यांतनं पाणी!"

बंड्या टेबलावर ऐसपैस बसला होता. तपासणी दुसऱ्याच कुणाची चालली असावी, असा चेहरा.

त्या वासाने डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत दर्शनाचा जीव नकोसा झाला होता. बाळ चार महिन्यांचं. तिची आई बघायला आली ती नाकाला पदर लावूनच बसली आणि जाताना म्हणाली, "बोका सांभाळायचाय की पोर, ते ठरव एकदा." शहाडला दर्शनाच्या भावाच्या चाळीत उंदीर माजलेले. रविवारी येऊन बोका घेऊन जातो म्हणाला. नवऱ्याने, धम्मपालने, तिच्या 'हो'ला 'हो' केलं. आडवे आले ते फक्त सासरे. दगडूबाबा एरवी जेवणात मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. पण या एका गोष्टीला हात जोडले त्यांनी. "राहू दे गं मुक्या जिवाला. ट्रे मी साफ करत जाईन." आणि करायचेही. दर्शना उठायच्या आत गॅलरीतला ट्रे धुतलेला, नवी माती भरलेली. म्हाताऱ्याला बोक्याचा लळा लागलाय, असं ती शेजारपाजारी कौतुकाने सांगायची. त्यांच्यासाठीच म्हणून ती डॉक्टरची पायरी चढली होती. औषध निघालं तर बंड्या घरात, नाही तर रविवारी शहाड.

नमुन्यासाठी डॉक्टरने सांगितलेलं, रात्री ट्रेमधली माती काढा, लघवी न शोषणारे मूठभर प्लास्टिकचे मणी टाका, सकाळी भरून आणा. दर्शनाने घरात कुणाला न सांगता ते केलं आणि आज बाबांच्या आधी उठली.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाली. "खच्ची न केलेल्या बोक्याच्या लघवीला वास मारतोच. पण याचं ऑपरेशन झालंय. मग उरलं काय? इन्फेक्शन, किडनी, शुगर, नाही तर पाणी कमी पिणं. या बाटलीत शुगर भरपूर आहे. लघवी घट्ट, पिवळीजर्द. आणि याच्या रक्तात शुगर एकदम नॉर्मल. पोट चाचपलं, तर मूत्राशय टम्म! माती नाही म्हणून साहेब रात्रीपासून धरून बसलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ही लघवी याची नाही. घरात शुगर कुणाला आहे?"

"सासऱ्यांना," दर्शना म्हणाली, आणि मग तिला आपलंच बोलणं ऐकू आलं.

डॉक्टरने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "पाणी फार कमी पितायत ते. शुगरच्या माणसाला हे बरं नाही. त्यांना दाखवून आणा कुणाला तरी."

रिक्षात दर्शनाच्या अंगाची लाही लाही होत होती. लाज नाही वाटली? घरात तान्हं पोर, आणि हे मांजराच्या ट्रेमध्ये! वर नाव त्या बिचाऱ्या बोक्याचं. आपण आईची बोलणी खाल्ली, भावाला बोलावणं धाडलं, आणि यांनी तोंडातनं चकार शब्द काढला नाही. आज सोक्षमोक्षच, तिने ठरवलं. बास्केटमध्ये बंड्या ओरडत होता.

दार उघडलं तर बाबा हॉलमध्ये बाळाला मांडीवर घेऊन झुलवत होते.

"काय म्हणाली डॉक्टरीण? देईल ना औषध?"

"बंड्याला काही झालेलं नाही, बाबा. ती लघवी त्याची नव्हतीच."

बाबांची मांडी थांबली. त्यांनी बाळ अलगद उचलून तिच्या हातात दिलं. आता त्याला धरायचा आपल्याला हक्क नाही, असं.

"घरात संडास आहे ना?" तिचा आवाज चढला. "मग हे काय?"

"संडास तुमच्या खोलीत गेला, पोरी."

गेला होता खरा. पाळण्याला जागा हवी म्हणून बाळंतपणाआधी तिनेच मधला पॅसेज बेडरूममध्ये घ्यायला लावलेला. संडास, मोरी, सगळं आत. आणि रात्री ती आतून कडी लावायची.

"एकदा आलेलो दारापर्यंत," बाबा खाली बघत म्हणाले. "तू पोराला पाजत होतीस. कळतं ना आवाजावरनं. सासऱ्याने कडी कशी वाजवायची अशा वेळी? परत फिरलो. मग दुपारनंतर पाणीच सोडलं. पण शुगरवाल्याचं अंग ते, ऐकतंय थोडंच?"

दर्शनाने बेडरूमच्या दाराकडे, आतल्या कडीकडे पाहिलं. बाळ तिच्या खांद्यावर चुळबुळ करत होतं. काहीतरी द्यायला हवं होतं या माणसाला, आत्ताच्या आत्ता. हाताशी होतं तेवढं तिने दिलं.

"बंड्याला नाही पाठवत मी शहाडला. राहू दे इथंच."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"पाठव हवं तर त्याला," ते म्हणाले. "ट्रे तेवढा राहू दे."