मेश्रामांच्या बूथवर

"काका, तुमचं नाव?" राकेशने विचारलं.

राजाराम दातारांनी गळ्यातलं ओळखपत्र मघाशीच स्वेटरच्या आत सरकवलं होतं. "जोशी," ते म्हणाले.

लास व्हेगासच्या प्रदर्शनाच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये वायरलेस नेटवर्किंगचे शंभराच्या वर बूथ होते. मोठ्या कंपन्यांकडे फुकट कॉफी होती, भिंतीएवढे स्क्रीन होते. त्या सगळ्यांना वळसा घालून राजाराम शेवटच्या रांगेत येऊन थांबले होते. इथे मागे एक काळा पडदा, पुढे एक टेबल आणि टेबलावर तळहाताएवढा अँटेना, एवढंच होतं. ही कंपनी त्यांच्या मुलीची होती. मीराची आणि तिच्या नवऱ्याची.

सात वर्षांपूर्वी नेपरव्हिलला त्यांच्या घरी मीराने राकेशचं नाव घेतलं होतं. राकेश मेश्राम, नागपूरचा, बौद्ध कुटुंबातला. राजाराम म्हणाले होते, "हे आडनाव मी कोणत्या तोंडाने पत्रिकेवर छापू?" मीरा भरल्या ताटावरून उठली. लग्न दूर चँडलरला, मीरा आणि राकेश राहायचे त्या गावी झालं. सुलेखा, त्यांची बायको, एकटी जाऊन आली. पुढे दर हिवाळ्यात ती महिनाभर मुलीकडे जायची. राजाराम तिला विमानतळावर सोडायचे, आणायचे. तिथलं ती काही सांगत नसे आणि हे विचारत नसत. नात इला आता तीन वर्षांची होती. सुलेखा अंघोळीला गेली की ते तिच्या फोनमध्ये इलाचे फोटो बघत.

प्रदर्शनाच्या यादीत त्यांना कंपनीचं नाव दिसलं आणि त्यांनी तिकीट काढलं. जन्मभर अँटेनाच डिझाइन केलेले, त्यामुळे जायला निमित्त होतं. सुलेखा फक्त "जा" म्हणाली. विमानात त्यांनी मीराशी बोलायची वाक्यं पाठ केली. राकेशशी बोलायचं एकही वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. त्याला ते कधी भेटलेच नव्हते.

"बसा ना, काका," राकेशने खुर्ची पुढे केली. पाण्याची बाटली उघडून दिली.

राजारामांनी काँक्रीटच्या भिंतीबद्दल विचारलं. सिग्नल किती पडतो, कोपऱ्यात काय होतं. राकेशला प्रश्न आवडला. त्याने कागद ओढला, आकृती काढली, कुठे माप चुकलं होतं आणि ते कसं सुधारलं तेही सांगितलं. त्याच्या बोलण्यात घाई नव्हती, बढाई नव्हती. असा माणूस आपल्या हाताखाली एकदाही आला नाही, असं राजारामांच्या मनात आलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"डिझाइन माझ्या बायकोचं आहे," राकेश म्हणाला. "ती लहान असताना तिचे बाबा तिच्या हातात रेडिओ देऊन तिला बेसमेंटभर फिरवायचे. खरखर कुठे वाढते, कुठे थांबते, ते दोघं पेन्सिलने भिंतीवर लिहून ठेवायचे. मी अँटेना तिथेच शिकले, म्हणते ती."

राजारामांनी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला ती एक भिंत सोडायला लावली होती.

"तुम्हाला मुलं, काका?"

"एक मुलगी. लांब असते."

राकेशने टॅब्लेट हातात घेतला. "माहिती ईमेल करतो. पूर्ण नाव काय लिहू, काका?"

खरं नाव अगदी ओठांवर आलं. पण पत्रिकेचं ते वाक्य याच्या कानावर गेलेलं असणारच. नाव सांगितलं की याच्या डोळ्यांकडे बघावं लागणार. आधी मीरा येऊ दे, तिच्यासमोर काय ते सांगू, असं त्यांनी ठरवलं.

"सदाशिव जोशी," ते म्हणाले.

राकेशने काहीच टाइप केलं नाही. थोड्या वेळाने त्याच्या फोनवर मेसेज आला. त्याने तो वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि आकृतीचा कागद उगाच सरळ करत राहिला.

"त्या येतील ना, तुमच्या मिसेस?" राजारामांनी विचारलं. "मी थांबतो हवं तर. मला वेळच आहे."

राकेश त्यांच्यासमोर खाली बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"ती इथेच होती, बाबा. या पडद्यामागे. आत्ता मागच्या वाटेने गेली."

राजाराम उठायला गेले. राकेशने त्यांचा दंड धरला.

"तुम्हाला येताना आधी तिनेच बघितलं. मला बाहेर पाठवलं आणि म्हणाली, बाबांनी तुला स्वतःचं नाव सांगितलं की मला हाक मार. मी लगेच येते, बाकी काही नको मला." त्याने त्यांना हळूच खुर्चीत बसवलं. "मी दोनदा विचारलं, बाबा."