घरचं माणूस

“आत्या, तुझा कॉम्प्युटर जरा साफ करून देतो,” म्हणत कॉम्प्युटरचं दुकान असलेला भाचा न बोलावता दारात उभा राहिला, तेव्हाच आत्याच्या मनात पाल चुकचुकली. ती पाणी घेऊन आली, तर भाचा कॉम्प्युटरच्या आतला पॉवर सप्लाय काढून दुसराच बसवत होता.

“चांगला काढून भंगार घालतोस होय रे?”

“उलट आहे, आत्या. हा काढलाय तो स्वस्तातला. वर पाचशे वॅट लिहिलंय, पण निम्म्यातच तापतो. काल एका गिऱ्हाइकाकडे असाच एक पेटला. म्हणून तुला चांगला आणला.”

आत्या खजील झाली. पोराला आपली केवढी काळजी! काढलेला सप्लाय तो फडक्याने पुसून कोऱ्या खोक्यात भरत होता.

“अरे, फेकून दे ना तो!”



“फेकू कशाला? दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय.”