पाईपचं वळण

"हात लावून बघा," तपासणीला आलेल्या सामंत मॅडम म्हणाल्या. मंदाकिनीने टेबलावरच्या कापलेल्या पाईपच्या आतून बोट फिरवलं. बाहेरून भक्कम दिसणारं ते लोखंड आतून झिजून डब्याच्या पत्र्याइतकं पातळ झालं होतं.

"तेलातल्या गंधकाने हे वळण आतून गंजत गेलं. बाहेरून कुणाला कळणार? हरेश्वरांनी व्हॉल्व्ह बरोबरच बंद केला होता. पाईपच फुटला."

रिफायनरीतल्या त्या आगीत मंदाकिनीचा नवरा हरेश्वर गेला आणि त्याचा जोडीदार दामोदर होरपळला. हरेश्वरने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, असंच तेव्हापासून सगळे बोलत. त्या बोलण्यापायी सासऱ्यांनी देवळात जाणंही सोडलं होतं.

"हे गेटवर सांगाल? सगळ्यांसमोर?" तिने विचारलं.

 मॅडमनी आपल्या वरच्या साहेबांना अजून काहीच कळवलेलं नव्हतं. तरीही त्यांनी तो तुकडा उचलला. "चला."

पाळी सुटताना त्यांनी गेटवर सगळं स्पष्ट सांगितलं. कामगार एकेक करून पुढे आले, पाईपच्या आत बघून मुकाट्याने बाजूला झाले. शेवटी दामोदर आला. भाजलेल्या बोटांनी त्याला तो तुकडा नीट धरताही येईना.

"वहिनी," तो खाली मान घालून म्हणाला, "मी त्याच्या दहाव्यालाही आलो नाही. मनात राग होता."

मंदाकिनीचं इतके दिवस कोंडलेलं रडू फुटलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "आता घरी चला, भावोजी. मामंजींना हे तुमच्या तोंडून ऐकू दे."